आरशातली शेवटची गाडी

उत्तम,

तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं निखिल मला म्हणाला. आपल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचे आहेत म्हणे. "काका, तुमच्याइतकं त्याईले कोन वयखते?" मी हो म्हटलं, आणि आता लिहायला बसलो तर तुझ्याशी भांडण्यापलीकडे काही सुचत नाही. तुझा जन्म कुठला, शाळा कुठवर, मागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते तुझ्या तांड्यात सगळ्यांना पाठ आहे. तुला जाऊन महिना होत आला, पण माझा राग उतरलेला नाही. रडू येतं ते वेगळं. ते रागाच्या मधेमधे येतं आणि मला आणखी चिडवून जातं.

आपली ओळखच भांडणातून झाली, आठवतं का? दारव्हा ते बोरी अरब लायनीवर दोघंही काळीपिवळी जीप चालवायचो. पुढच्या सीटवर चारजण कोंबायचे आणि ड्रायव्हरने अर्धं अंग बाहेर लटकवून गिअर टाकायचा, असा तो जमाना. माझ्या गाडीत बसलेली एक म्हातारी तू हाताला धरून तुझ्या गाडीत नेलीस, का तर ती तुझ्या तांड्याची. मी तुझी कॉलर धरली. तू कॉलर सोडवून न घेता म्हणालास, "धर भाऊ, पन पहिले तिले बसू दे, तिचे गुडघे दुखतात." पुढे त्या लायनीवर आपण दोघंच असे होतो, की मी तुला तुमचा 'जय सेवालाल' म्हणायचो आणि तू मला आमचा 'जय भीम'. नवीन प्रवाशाला वाटायचं, हे दोघं चुकले. आपल्याला त्याची फार मजा वाटायची.

मग मी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, तू शेतीत गेलास, पण जीप दोघांच्याही अंगातून गेली नाही. जनावरांचे डॉक्टर आपल्याला मिळाले, कारण खेड्यापाड्यांत जाऊन जाऊन त्यांच्या गाडीचं काही ना काही रोज तुटायचं. निखिल पुण्याहून नोकरी सोडून आला तो छातीइतक्या चाकांची गाडी घेऊन. त्यानेच आपल्याला सांगितलं की आपण जे करतो त्याला ऑफरोडिंग म्हणतात. तू गंभीर तोंड करून त्याला विचारलंस, "पन बापू, इथं रोडच नाही तर ऑफ कायच्यावरून होतो आपन?" दर हिवाळ्यात कापूस वेचून झाला की चार-पाच गाड्या काढायच्या, घाटंजीच्या पुढे डोंगरात शिरायचं, नाल्याकाठी तंबू ठोकायचे, कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजायचे, हे तेव्हापासून सुरू झालं.

पुढे मी, शेवटी तू. ते कोणी ठरवलं नव्हतं. मला पुढे राहायची हौस आणि तुला धूळ खायची. नियम मात्र तुझा होता: प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं, आरशात ती दिसेनाशी झाली की थांबायचं, आणि शेवटची गाडी थांबली तर सगळ्यांनी थांबायचं. कोणाला मागे सोडून जायचं नाही. संध्याकाळी तू उतरायचास तेव्हा तुझी मिशी, भुवया, कानातले केससुद्धा मातीच्या रंगाचे झालेले असायचे. एकदा तरी पुढे ये म्हटलं की तू म्हणायचास, "पुढं नुसता रस्ताच दिसते ना बे. मांगून तुमची सगळ्याईची गंमत दिसते." ती गंमत तू किती बारकाईने बघत होतास, हे मला आता कळतं आहे.

या पौषातली आपली शेवटची ट्रिप. तुला घाट दाखवायचा होता आणि मला तो चढायचा होता. तुझे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, त्या लदेणीची वाट याच घाटाने वर पठारावर जायची, आणि वर त्यांनी बांधलेली एक बारव आहे, असं तू वर्षानुवर्षं सांगत आलास. मी म्हणायचो, बारव असलीच तर ती कोण्या राजाने बांधली असणार, तुम्ही काय, आज इथे उद्या तिथे. यावर तू दर वेळी चिडायचास, म्हणून मी दर वेळी म्हणायचो. आधी एकदा चिखलाने आणि एकदा डॉक्टरांच्या तुटलेल्या एक्सेलने आपल्याला अर्ध्यातून परत आणलं होतं. या वेळी बारव बघायचीच, असं मी दुकानात येईल त्याला सांगून ठेवलं होतं. सुनंदालाही सोबत घेतलं. ती कधी येत नाही. तिला मी म्हणालो, तुझा नवरा काय चीज आहे ते एकदा बघून घे.

घाटाखाली, नाल्याच्या काठी मुक्काम. ऊन कलत होतं. तुझी लेक सोनल गोवऱ्यांचा आर करत होती, सुनंदा वांगी चिरत होती, आणि आपण दोघं रोडग्याच्या गोळ्यात तूप आत भरायचं की वरून ओतायचं यावर नेहमीचं भांडण भांडत होतो. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी हो हो म्हणून दोन्हीकडचं तूप खाल्लं. मधेच तू मला म्हणालास, "रम्या, मोर पाह्य कसा उभा आहे." मी विचारलं, कुठे? "तुह्या डाव्या अंगाले, सागाखाली." मी मान वळवेपर्यंत तू म्हणालास, "गेला." मग थोड्या वेळाने निखिल डावीकडून ताट घेऊन आला आणि माझा हात लागून ते सांडलं. मी त्यालाच बोललो. तू राखेतला रोडगा उचललास, हातावर झाडलास आणि फोडून मला अर्धा दिलास. एवढी सुखाची संध्याकाळ मला पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती. ते तुला त्या वेळी सांगायला हवं होतं. पण आपल्यात असलं बोलायची रीत कुठे होती.

सकाळी चाकांतली हवा थोडी कमी केली आणि घाटाला लागलो. उजवीकडे डोंगर, डावीकडे कडा आणि खाली सरळ उतार, मध्ये पावसाने खरवडून काढलेली काळ्या दगडांची वाट. एकेका दगडावर चाक चढवायचं, दम घ्यायचा, पुढचं चाक कुठे टेकतंय ते बघायचं. अशा जागी एकाने उतरून पुढे उभं राहावं लागतं आणि हातांच्या खुणांनी चाकं चालवावी लागतात. हे काम निखिलचं. पण त्या दिवशी तू तुझी शेवटची गाडी सोनलच्या हाती देऊन चालत वर आलास आणि निखिलला बाजूला केलंस. बरं, उभा राहिलास तोही वेड्यासारखा, उताराच्या अगदी कडेला. मला तू दिसतच नव्हतास, नुसता आवाज यायचा. "उजवं घे. अजून घे. थांब."

"समोर उभा राह्य ना बे," मी ओरडलो. "तिकडं कोपऱ्यात काय करून राह्यला?"

"मी इथंच बरा आहे. तू उजवं घे."

मी वैतागून उजवं घेतलं. पुढच्या वळणावर मागचं डावं चाक कशावरून तरी घसरलं, गाडीने हिसका दिला, खाली दगड गडगडत गेल्याचा आवाज आला. दगड घाटात गडगडतातच. सुनंदा डाव्या सीटवर, दोन्ही हातांनी दांडी धरून, डोळे मिटून बसली होती. मी तिला म्हणालो, अगं डोळे उघड, बघ तरी. पुढे वळणावर पळसाखाली थोडी सपाटी होती, तिथे मी गाडी घेतली आणि तेवढ्यात वॉकीटॉकीवर तुझा आवाज आला. तू मागे जाऊन तुझ्या गाडीत बसला होतास.

"माह्या क्लचचा वास येऊन राह्यला. माही गाडी वर नाही येत. वापस फिरा."

शेवटची गाडी थांबली तर सगळ्यांनी थांबायचं. पण माझ्यासमोर चार वळणांवर पठार दिसत होतं, उत्तम. आकाशाला लागलेली त्याची कड दिसत होती. मी खाली धावत आलो, मागून सुनंदाही आली. क्लच जळण्याचा वास मला झोपेतही ओळखता येतो. वास नव्हता. बोनेट उघडलं, आत डोकं घातलं, हे चाचप, ते चाचप. गाडी ठणठणीत होती.

"काही नाही झालं तुह्या क्लचले."

"मले वास येऊन राह्यला."

"मले नाही आला."

"तुले सर्दी असन."

डॉक्टर हसले. निखिल जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, दोघंही तुझ्या खोट्याला लाजले आहेत. मग माझा तोल गेला.

"तू भेला, उत्तम. कडा पाहून भेला तू. तसं सांग ना, क्लचचं नाव कायले घेतं?"

सगळ्यांसमोर म्हणालो. तुझ्या मुलीसमोर म्हणालो. तू म्हणालास, "हो. भेलो म्या."

भांडायला आलेल्या माणसाने हो म्हटल्यावर भांडण संपतं, पण राग कुठे जाणार? आणि वर तू मला म्हणालास, "आता एक काम कर. माह्या गाडीत बस. उतारावर गिअरबॉक्सातून काही आवाज येते का ते आयक. तुह्या कानाइतका भरवसा मले दुसऱ्या कोनाचा नाही. तुही गाडी सोनल आनते." मी बसलो. एवढा चिडलेलो असूनही बसलो, कारण माझ्या कानाचं कौतुक तू केलं होतंस. सगळा घाट मी कान लावून उतरलो. कसलाही आवाज आला नाही. खाली पोचल्यावर दार आपटून गेलो आणि त्यानंतर तुझ्याशी बोललो नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पण त्यात माझ्या बाजूचं काय काय होतं ते तुला माहीत नाही. ऑइल फिल्टर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ऐकवलं, की उत्तमने भर घाटातून गाड्या परत फिरवल्या, भेला तो. ते तुझ्यापर्यंत पोचावं अशी माझी इच्छाच होती, आणि दारव्ह्यात बोललेलं बोरीला पोचायला वेळ लागत नाही. बाजाराच्या दिवशी तू समोरच्या बाजूला मिरच्या घेताना दिसायचास. मी दुकानातल्या फळ्यांकडे तोंड करून सामान लावत बसायचो. तू थोडा वेळ उभा असायचास. मिरच्या निवडायला कोणाला एवढा वेळ लागत नाही.

एकदा मी यवतमाळला माल आणायला गेलेलो असताना तू घरी येऊन गेलास. सुनंदाने संध्याकाळी सांगितलं, "उत्तमभाऊ आलते. बोरीले डोळ्याईचं शिबिर आहे म्हने. दोघं मिळून जाऊ म्हनत होते."

मला वाटलं, बोलणं सुरू करायला तू निमित्त काढलंस. मी म्हणालो, "त्याले सांग, मले मोतीबिंदू नाही झाला. ज्याले कडा पाहून भेव वाटते त्यानं डोळे दाखवावे." तिने ते तुला तसंच कळवलं की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. त्या दिवसांत तिनेही माझ्या जीपमध्ये बसणं सोडून दिलं होतं. चढताना गुडघे दुखतात म्हणायची. मी म्हणायचो, म्हातारी झालीस.

आणि मग एका सकाळी आपल्या डॉक्टरांचा फोन आला. तू चहा पिऊन ओसरीत बसलास आणि बसल्या बसल्याच गेलास. मी अंगातल्या बनियनवर शर्ट चढवला आणि गाडी काढली. तुझ्या तांड्यात शिरतानाचं वळण मी हजार वेळा घेतलं असेल. त्या दिवशी गाडी डावीकडून लिंबाच्या पाराला घासत गेली, दिवा फुटला, पत्रा चिरला. मी मनाशी म्हणालो, रडत रडत चालवली म्हणून. उतरलो तेव्हा सोनल अंगणात उभी होती. बापाच्या मृत्यूच्या दिवशी ती पोर माझ्या गाडीच्या डाव्या बाजूकडे बघत राहिली. मग माझ्या गळ्यात पडली. वहिनी मोठ्याने रडत होत्या, तुमच्या गोरबोलीत तुझ्याशी काहीतरी बोलत होत्या, त्यात माझं नाव आलं. मला सगळं समजलं नाही. मी तुझ्या पायांशी बसलो. तुझ्या मिशीला त्या दिवशी धूळ नव्हती, कोणीतरी तुला नीट पुसलं होतं. तू आमच्यापैकी कोणी वाटत नव्हतास.

आठवड्यानंतर सुनंदा मला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे हट्टालाच पेटली, जेवली नाही. तिथे एका डब्यात तोंड घालून बसवतात आणि दिवा चमकला की बटण दाबायला लावतात. मी फटाफट दाबत होतो. मला वाटलं, पहिला नंबर. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी विचारलं, "काका, गाडी चालवता का?" मी म्हणालो, मिसरूड फुटायच्या आधीपासून. त्या म्हणाल्या, "आता बंद करा. काचबिंदू आहे. डावीकडचं तुम्हाला पुष्कळसं दिसतच नाही. हे हळूहळू जातं, त्यामुळे माणसाला स्वतःला कळत नाही. इतके दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही का?"

बाहेर बाकावर बसलो तेव्हा तू आलास. म्हणजे तू उताराच्या कडेला उभा असलेला मला दिसलास. त्या दिवशी घाटात दिसला नव्हतास, आता दिसलास. सागाखालचा मोर. माझ्या गाडीमागे दिवसभर चालत असताना माझं डावं चाक कुठे कुठे जातं ते बघणारा तू. दगड गडगडला तेव्हा चाकाखालून काय सुटलं ते तू पाहिलंस, आणि त्या बाजूला सुनंदा बसली होती. तिला मी डोळे उघड म्हणत होतो. हो, भेलो म्या, असं तू म्हणालास ते खरंच होतं. शेजारी सुनंदा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी तिचा हात धरून ठेवला. दवाखान्यात लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या तांड्यावर आलो, काळीपिवळीत बसून, मागच्या बाकावर, लोकांच्या गुडघ्यांत गुडघे घालून. सोनलला म्हणालो, पोरी, तुझ्या बापाचा क्लच ठीक होता. मला आता कळलं. मी सगळ्यांना सांगणार आहे, दुकानातून सांगणार आहे, डॉक्टरांना, निखिलला, सगळ्यांना, की उत्तम भ्याला नव्हता. ती ओढणीने डोळे पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "काका, सगळ्याईले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही बोनेटात डोकं घालून होते ना, तवाच बाबांनी सगळ्याईले सांगतलं. रमेशले डावीकडचं दिसून नाही राह्यलं, कोनी त्याले म्हनू नका, म्या भेलो असं म्हना. सुनंदाकाकूले तर सर्वात पहिले सांगतलं."

मी ओसरीत बसूनच राहिलो. तू जिथे बसून गेलास त्याच जागेच्या जरा इकडे. म्हणजे इतके महिने डॉक्टर माझ्या दुकानात चहा पीत तुझी निंदा ऐकत होते आणि बिस्किट बुडवत होते. निखिल ऐकत होता. माझ्या घरात, माझ्या शेजारी झोपणारी बाई ऐकत होती. आणि तू स्वतः, मिरच्या निवडत.

"पन काहून?" मी विचारलं. "मले एकानंही काहून नाही सांगतलं?"

सोनल म्हणाली, "आजोबा सांगत बाबांले. लदेणीत एखादा बैल लंगडला तर त्याचं नाव नव्हते घेत. तांडा थकला, असं म्हनत अन् सगळेच बसत. बाबा म्हने, रमेश सोता चाबी काढून देईन. त्याच्या हातून काढून नाही घ्याची."

"मी काय बैल आहे का?" मी म्हणालो. ती पोर हसली, रडता रडता हसली, आणि म्हणाली, "बाबा म्हनत होते, काका हेच म्हनतीन."

घरी येऊन सुनंदाला विचारलं, तू तरी सांगायचंस. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "सांगू दिलं असतं का तुम्ही?" किल्ली तिच्या पोळपाटाशेजारी ठेवली. तिने ती पिठाच्या हाताने उचलली आणि साखरेच्या डब्यात टाकली. त्या डब्याला मी हात लावत नाही हे तिला माहीत आहे.

सोनल आता तुझी गाडी चालवते. हात तुझाच आहे, गिअर टाकताना खांदा उडवण्याची सवयही तुझीच. हिवाळ्यात सगळे घाटाला जाणार आहेत. निखिल पुढे राहील. मला डाव्या सीटवर बसायचं आमंत्रण आहे. जाईन की नाही ते अजून सांगितलेलं नाही. बारव तुझ्या लोकांनी बांधली की राजाने, हे ठरवायला तू नसलास तर मी कोणाशी भांडू?

तू सुनंदाला वाचवलंस. मलाही. हे मी मान्य करतो, सगळ्यांच्या देखत करतो, म्हणून तर लिहून देतो आहे. त्या घाटात तू तुझी अब्रू काढून माझ्या अब्रूवर पांघरलीस आणि एवढे महिने थंडीत उभा राहिलास. असं माझ्यासाठी कोणी केलेलं नाही, आणि करणारा आता कोणी उरलाही नाही. तुझे उपकार मानतो, उत्तम. इथपर्यंत ठीक आहे.

पण मला तुझं पटलेलं नाही. घाटातून उतरल्यावर मी दारव्ह्याच्या बाजारातून रोज गाडी घातली. भर गर्दीतून. डावीकडून शाळेची पोरं येतात, म्हाताऱ्या येतात, सायकली येतात, आणि मला दिसत नव्हतं. कोणी चाकाखाली आलं असतं तर? माझा मान राखायला तुम्ही सगळ्यांनी कोणाचा जीव पणाला लावला होता, हे कोणाच्या डोक्यात आलं का? तुझ्या बापाच्या गोष्टीतल्या बैलाला निदान रस्त्यात दुसऱ्याची लेकरं नव्हती. याचं उत्तर मला तुझ्याकडून पाहिजे होतं. तू डोकं खाजवलं असतंस, "हे मात्र चुकलं लेका" म्हणाला असतास, किंवा म्हणाला नसतास, उलट मलाच चार ऐकवली असतीस. काहीतरी झालं असतं.

तू तिथेच, घाटात, माझी कॉलर धरून सांगायला पाहिजे होतंस, रम्या, तुला दिसत नाही. मी ऐकलं नसतं. तुझ्या अंगावर आलो असतो, तुझ्या आईबापाचा उद्धार केला असता, सुनंदाला घेऊन रागाने घाट उतरून पायी गेलो असतो. पण ते भांडण खऱ्यावरून झालं असतं, आणि खऱ्यावरून झालेली आपली भांडणं पुढच्या बाजारापर्यंत कधी टिकली नाहीत. पौषापासून तू जाईपर्यंतचे सगळे दिवस, उत्तम, आपल्या हातात होते. तू ते माझा मान राखण्यात घालवलेस आणि मी तुझ्याकडे पाठ करून सामान लावण्यात.